सत्तावन्नचे त्रेसष्ट

मिरजेत शिकलगारांचे सतारमेकर झाले, ही गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम करणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब तंबोरे दुरुस्त करता करता स्वतः तंबोरे घडवू लागले, पुढे त्यांच्या मागून गल्लीच्या गल्ली त्या धंद्यात उतरली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आहे त्यातून दुसरं काढणं ही कल्पना मिरजकरांना नवी नाही. खालचा वाद मात्र फार बारीक बदलाचा आहे. रायफल रायफलच राहणार, फक्त तिच्यात जाणारं काडतूस बदलणार. असं करावं का?

वाद घालणारे दोघं एकाच घरातले. मामा सैन्याच्या ई.एम.ई. दलात आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका सुस्थितीत ठेवणं हे त्यांचं काम. भाची सांगलीला वकिली करते. रायफल मामांच्या वडिलांची. मिरज संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याआधीची खरेदी. माउझर बांधणीची, बोल्ट मागेपुढे ओढून भरायची. परवाना रीतसर वारसाने मामांच्या नावावर आलेला आहे, आणि निवडणूक लागली की रायफल इतर परवानाधारकांच्या बंदुकांबरोबर पोलीस ठाण्यात जमा होते. तिचं काडतूस ८ × ५७. आठ मिलिमीटरची गोळी, सत्तावन्न मिलिमीटरची पुंगळी. अडचण एवढीच की हे काडतूस आता मिळत नाही. चहा घेत मी ऐकत होतो, आणि मध्ये तोंड घालायचा मोह अगदीच आवरला असं नाही.

मामा : परवान्यावर लिहिलंय ‘८ एमएम’. दुकानदारानं डबा पुढं ठेवला, त्यावरही ‘८ एमएम’. उघडून बघतोय तर खडकीच्या कारखान्याची पॉइंट तीनशे पंधरा! तिच्या बुडाला कड आहे, पुंगळी पन्नासची. आपल्या माउझरला बिनकडेची सत्तावन्नची लागते. लेबल एक आणि माल निराळा.

भाची : तुम्ही घेतली नाहीत ना?

मामा : आर्मररला काय विचारतेस? पण ज्याला ठाऊक नाही त्यानं घेतली असती. म्हणून म्हणतो, नळी बदलून .३०-०६ करून घ्यावी. ईशापूरचा कारखाना त्या काडतुसाची शिकारी रायफल करतो, म्हणजे आपल्याकडं ते वापरात आहे. आणि बघ की, दोन्ही काडतुसांचं बूड जवळजवळ एका मापाचं. अमेरिकेनं १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझर समोर ठेवूनच केली, माउझर कंपनीला त्याचे पैसेही भरले. तेव्हा हे काडतूस तिच्या भावकीतलंच आहे. सत्तावन्नचे त्रेसष्ट होणार, एवढंच.

भाची : वाढलेले सहा मिलिमीटर मॅगझिनमध्ये मावतील?

मामा : थोडं काम करावं लागेल.

भाची : ‘थोडं’ असं माप कायद्यात नाही, मामा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. बनवणं, विकणं, दुरुस्त करणं यांच्याच ओळीत बदल करणंही घातलेलं आहे. त्या कामाचा परवाना नसताना केलं तर कलम २५. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत.

मामा : मी परड्यात भाता लावून बसणार आहे का? ज्याच्याकडं परवाना आहे त्याच्याकडूनच करून घेणार. आणि मला कायद्याचा धाक घालू नकोस. ही निम्मी काडतुसं तुझ्या कायद्यानंच जन्माला घातलीत.

इथे मामांनी बैठक सैल केली. हा त्यांच्या आवडीचा विषय.

मामा : .३१५ आली कुठनं? मुळात ती ऑस्ट्रियाच्या लष्कराची, मानलिखर रायफलीची. आपल्या ऊस-जोंधळ्याशी तिचा काय संबंध? पण इंग्रज सरकारनं ठरवलं की फौजेची थ्री नॉट थ्री रयतेच्या हातात नको. मग बंदूकवाल्यांनी काय केलं? फौजेचीच ली रायफल घेतली आणि तिला परक्या देशाच्या काडतुसाची नळी बसवली. चोरलेली सरकारी गोळी तिच्यात चालत नाही, सरकार खूश. गिऱ्हाइकाला रायफल मिळाली, तेही खूश. स्वातंत्र्यानंतर आपण तीच वहिवाट चालू ठेवली. आजही साध्या नागरिकाला थ्री नॉट थ्री निषिद्ध आणि .३१५ चालते.

भाची : मान्य.

मामा : १९०७च्या सुमाराला हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या, त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून. लगेच विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७०, .४६५, .४७५ अशी काडतुसं बाजारात आणली. वाघ-हत्तीच्या शिकारीची ती नामांकित काडतुसं एका सरकारी बंदीची पोरं आहेत. आणि आपल्या या ८ × ५७चं बघ. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत लष्करी काडतुसावर बंधनं आली, तर तिथल्या कारागिरांनी चेंबर तीन मिलिमीटर लांब करून ८ × ६० केलं. झालं, लष्करी राहिलं नाही! कागद बदलला की लोखंड बदलतं, हे आम्ही बंदूकवाले कायम बघत आलोय.

मला हे फार पटलं. तांत्रिक वाटणाऱ्या आकड्यांमागे कुणाच्या तरी कचेरीतला हुकूम असतो, हे आपल्याला सहसा दिसत नाही. पण भाची हसली नाही.

भाची : तुम्ही गमतीची बाजू सांगितलीत. दुसरी बाजू मी सांगते. १८५७चा उठाव ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून पेटला, त्या रायफलीचं पुढच्याच वर्षी काय झालं? हिंदी शिपायांसाठी तिच्या नळीतले आटे खरवडून काढले. नळी आतून गुळगुळीत. नेम साधायची साइटही साधी, न हलणारी. दिसायला एन्फिल्ड, मारा जुन्या मस्केटचा. गोऱ्या सोल्जराच्या हातात रायफल आणि शेजारच्या हिंदी शिपायाच्या हातात तिचं सोंग. पुढे कित्येक वर्षं हेच धोरण, गोऱ्यांकडे मार्टिनी आली की हिंदी पलटणींना जुनी स्नायडर.

मामा : ते खरंय.

भाची : पुढे ली-एन्फिल्डच्याही .४१० मस्केटी केल्याच ना? एकेक गोळी भरायच्या, आट्यांविना. तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी.

मामा : केल्या. थ्री नॉट थ्रीचीच पुंगळी, पण मान न आवळता सरळ ठेवलेली. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. उद्या कैद्यांनी हिसकावून नेली तरी फौजेची गोळी तिच्यात चालू नये असा हिशेब.

भाची : म्हणजे पहारेकऱ्याचा जीव वाचेल का, हा प्रश्नच नव्हता. ती कुणाच्या हातात गेली तर काय, एवढीच धास्ती. या देशात रायफलीचं काडतूस बदललं ते बहुतेक वेळा धरणाऱ्यावर भरवसा नव्हता म्हणून. तुम्ही याला कारागिरी म्हणता.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी हुकमाचा एक्का काढला, आणि तो काढतील हे मला ठाऊक होतं. मिरजेचा असो की साताऱ्याचा, निवृत्त फौजी बासष्टच्या लढाईवर आल्याशिवाय राहत नाही.

मामा : बहुतेक वेळा म्हणालीस ना? मग ईशापूरची टू-ए घे. १९६२ला चीननं आपल्याला जाग आणली. जवानांच्या हातात अजून थ्री नॉट थ्री, एकेकदा बोल्ट ओढायची. नवी सेल्फ-लोडिंग रायफल यायची होती, तिचं काडतूस ७.६२. ती सगळ्या पलटणींना मिळेपर्यंत काय करायचं? आणि दोन-दोन तऱ्हेचा दारूगोळा किती दिवस सांभाळायचा? ईशापूरच्या लोकांनी आपली जुनी ली-एन्फिल्डच ७.६२साठी उभी केली. पुढं त्याच रायफलीला दोन हजारांऐवजी आठशेपर्यंतची साइट दिली, ती टू-ए-वन. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत होती. इथं कुणी कुणावर अविश्वास दाखवला? गरज होती, हातात जे होतं त्यातनं भागवलं. आणि झकास भागवलं.

भाची : ‘जुनी उभी केली’ म्हणजे नक्की काय केलं? आर्मरर आहात, नीट सांगा.

मामांना प्रश्नातला सापळा दिसला असावा. तरी त्यांनी नीट सांगितलं. माणूस कामाच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

मामा : थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीला बुडाशी कड असते, लांबी छप्पन्न मिलिमीटर. ७.६२ला बाहेर आलेली कड नाही, खाच आहे, आणि लांबी एक्कावन्न. म्हणजे पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलला. मॅगझिन नवं, चौकोनी तोंडवळ्याचं, बारा राउंडचं. नळी नवी, कारण गोळीचा व्यासही केसभर कमी. मुख्य भानगड दाबाची. ७.६२चा दाब चांगलाच जास्त, आणि ली-एन्फिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. माउझरचा पुढं, चेंबरच्या तोंडाशी. मागं अडकणारा बोल्ट प्रत्येक बाराला किंचित दबतो, बॉडी किंचित ताणते. म्हणून ईशापूरनं पोलादच बदललं, जास्त ताकदीचं घेतलं.

भाची : जुन्या रायफली मागवून त्यांच्या नळ्या बदलल्या नाहीत?

मामा : नाही. नव्यानं घडवल्या.

भाची : मग ती बदललेली रायफल नव्हतीच, मामा. जुन्या नकाशावर केलेली नवी रायफल होती. तुमचंच उदाहरण सांगतंय की काडतूस बदलायचं तर पोलादापासून सुरुवात करावी लागते.

यावर मामांना चटकन उत्तर सुचलं नाही, आणि माझ्या मते तिथे उत्तर नव्हतंच. टू-ए-वनची गोष्ट आपल्याकडे ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने सांगतात, इंग्रजांची बंदूक आपण आपल्या गोळीला लावली वगैरे. तिचं खरं मोठेपण उलट आहे. ईशापूरच्या अभियंत्यांनी जुगाड करायचं नाकारलं. बाहेरचा आकार ठेवला, कारण त्या आकाराची यंत्रं आणि हात तयार होते, आणि जिथे जीव टांगणीला लागतो तिथे जुन्या धातूवर विसंबले नाहीत.

मामांनी पवित्रा बदलला.

मामा : बरं, ती नवी होती. पण कॉलेजात एन.सी.सी.त तू पोटावर झोपून कुठली रायफल मारलीस?

भाची : पॉइंट टू टू.

मामा : दिसायला कशी होती? थ्री नॉट थ्रीच की! ली-एन्फिल्डच्याच सांगाड्यात .२२ची नळी, बोल्टचं डोकं बदललेलं, मॅगझिनचा रिकामा डबा तसाच, त्यात पुंगळ्या पडतात. या देशात लाखो पोरापोरींनी तशा रायफलीवर पहिला नेम धरला. कुणाचा डोळा गेला?

भाची : नाही गेला, कारण तिथे दाब खाली आला. थ्री नॉट थ्रीसाठी केलेल्या पोलादात .२२ म्हणजे फटाका. तुम्ही वर चाललात. शिवाय ऐंशी वर्षांची रायफल घेऊन.

मामा : इस्रायलनं वर नेल्या. चेकोस्लोव्हाकियाकडनं घेतलेल्या जर्मन माउझर, म्हणजे हिच्याच सख्ख्या बहिणी, पन्नासच्या दशकात ७.६२ केल्या. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोर स्नायपर रायफली निवडून १९७०ला ७.६२ केल्या, एल-४२. फॉकलंडच्या लढाईत त्या होत्या. जुन्याच रायफली, नव्यानं ओतलेल्या नव्हेत.

भाची : ‘निवडून’ हा शब्द तुम्हीच वापरलात. निवडणारा कोण होता? लष्कराचा कारखाना, त्यांचे गेज, त्यांची चाचणी. इस्रायलच्या त्या रायफलींच्या दस्त्यावर ‘७.६२’ असा मोठा आकडा डागलेला असतो ना? कशासाठी? शिपायाने घाईत चुकीचं काडतूस भरू नये म्हणून. आपल्या जिल्ह्यात ‘८ एमएम’ म्हणून .३१५चा डबा पुढे येतो. उद्या तुमच्यामागे ही रायफल माझ्या भावाकडे जाईल. त्याला कोण सांगणार की माउझर दिसत असली तरी आत माउझरचं काडतूस घालायचं नाही?

मामा : कोरून घ्यायचा आकडा. नळीवर आणि दस्त्यावरही.

भाची : आणि पोलादाची परीक्षा?

मामा : डोळ्याला कळतं, पोरी. बोल्टच्या लगमागची, म्हणजे अडकणाऱ्या दातामागची, खूण, बॉडीच्या आतली घासण. इतकी वर्षं तेच केलंय.

माझ्या मते वादाचा खरा गाभा इथे होता, आणि इथे मी मध्ये पडलो. मी मामांना त्यांच्याच लाडक्या स्प्रिंगफील्डची आठवण दिली. १९०३च्या स्प्रिंगफील्डच्या सुरुवातीच्या रायफली, शस्त्रागाराच्या आठ लाख क्रमांकाच्या आतल्या, आज जाणकार माणूस चालवत नाही. त्यांच्या बॉडीचं पोलाद तापवताना कसबी कामगार रंग बघून ठरवत, लालबुंद झालं की पुरे. वर्षानुवर्षं त्यात मुरलेली माणसं होती. पण उन्हाच्या दिवशी तापलेलं लोखंड फिकं दिसतं, ढगाळ दिवशी भडक. त्यामुळे उजेडाच्या दिवशी काही बॉड्या जास्त तापल्या आणि ठिसूळ झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यातल्या काही फुटल्या, तेव्हा चौकशी झाली आणि उष्णता मोजायची यंत्रं लावली गेली. कामगारांची नजर वाईट नव्हती. नजरेवर सूर्याचा परिणाम होतो, एवढंच.

मामा : मग आपले सतारमेकर जवारी कशावर काढतात? कानावरच की. त्यांना कुठलं यंत्र लागतं?

हा प्रश्न मिरजेत बसून विचारलेला, म्हणून त्याला वजन होतं. घोडीवरचा हाडाचा पृष्ठभाग कानस मारून मारून असा करायचा की तार त्याला टेकते न टेकते आणि स्वर उघडा होतो. हे माप कुठल्या गेजमध्ये नाही.

भाची : जवारी बिघडली तर काय होतं?

मामा : पुन्हा काढतात.

भाची : बस्स. माझा मुद्दा तेवढाच आहे. जिथे पुन्हा करता येतं तिथे कान आणि डोळा यांच्यासारखं काही नाही. चेंबर बिघडला तर कळतं तेव्हा गाल दस्त्याला टेकलेला असतो. लंडनच्या बंदूककारांना १६३७मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३चं. नळी आणि चेंबर बदलला की रायफल पुन्हा त्यांच्याकडे जाते, मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात आणि मगच शिक्का मारतात. कारागिरावर अविश्वास म्हणून नाही. कारागिरालाही आतलं दिसत नाही म्हणून. तुमचा माणूस नळी बदलून देईल. तशी चाचणी करून, तिचा कागद देईल का?

मामा : विचारावं लागेल.

भाची : आणि दुसरा प्रश्न. कशासाठी? रानडुकरांसाठी म्हणाल तर शेत आपलं मिरजेच्या पूर्वेला, कोरडवाहू. डुकरं शिराळ्याकडे. आणि तिथेही वनखात्याच्या परवानगीशिवाय चाप ओढता येत नाही, १९७२चा कायदा आहे. शिवाय घरात बाराबोर आहेच.

मामा : डुकरांचं नाव मी काढलंच नाही. ऐक, चालत नाही ती रायफल म्हणजे भिंतीवरची पितळी ढाल. दोन वर्षं तेल नाही लावलं तरी कुणाला कळत नाही. चालणारं हत्यार माणूस जपतो, न चालणाऱ्याचं लाकूड वाळवी खाते. मी पलटणीत बघितलंय. पोलीस ठाण्यांतल्या थ्री नॉट थ्री बघ. २६/११च्या मुंबई हल्ल्यात सी.एस.टी. स्टेशनावर आपल्या लोकांच्या हातात त्याच होत्या, सगळा देश त्या रायफलीला हसला. मी म्हणतो, रायफलीचा दोष किती आणि तिच्यावर सराव न करू दिल्याचा किती? एका राउंडला किती पैसे पडतात याचाच हिशेब जिथं होतो, तिथं कुठलीही रायफल आणा, ती म्हातारीच होणार.

भाची : हे मात्र खरं आहे.

मामा : उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनाला थ्री नॉट थ्रीला संचलनात निरोप दिला. चांगलं केलं. पण मला ही अशी फुलं वाहून ठेवायची नाही. हिनं वर्षातून चार बार काढावेत, रेंजवर, रीतसर. बास.

भाची विचार करत होती. वकील विचार करताना कागद ओढतात, तसा तिने ओढला.

भाची : ठीक. तीन गोष्टी मिळाल्या तर अर्ज मी लिहून देते. बदल करणाऱ्याचा परवाना, त्यात हे काम बसतं अशी खात्री, आणि चाचणीचा कागद. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, बोअर बदलायची पूर्वपरवानगी म्हणून. काम नंतर. आधी काम आणि मग नोंद, हे चालणार नाही.

मामा : मंजूर. आणि जुनी नळी मी ठेवून घेणार. तिच्यावर बाबांच्या वेळचा नंबर आहे. उद्या ८ × ५७ मिळायला लागलं तर परत बसवता येईल.

भाची : ती घरात ठेवता येणार नाही.

मामा : का? नुसती नळी तर आहे. तिला ना बोल्ट, ना चाप.

भाची : कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच आहेत. काढलेली नळी तुमच्या कपाटात राहणार असेल तर तिचीही परवानगी वेगळी मागावी लागेल. ती मिळेपर्यंत परवानाधारक दुकानदाराकडे जमा. आणि २०१९पासून माणशी दोनच बंदुकांची मुभा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडे बाराबोर आणि ही, दोन भरल्या. तिसरं काहीतरी बंदुकीसारखं दिसणारं कपाटात सापडलं तर ठाणे अंमलदाराला आटे, चेंबर, भावकी हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगायची तयारी ठेवा.

मामा : बाराबोर विकून टाकतो.

भाची : ती आजीच्या नावावरून आली आहे. तिला विचारा आधी.